जांघेतली गाठ आणि दोंडाईच्याची जाळी

ढाणकीच्या शिवारातले सोयाबीन निघाले, कापूस घरात आला की पोती-गाठोडी उचलण्याची घाई सुरू होते. उमरखेड तालुक्यातल्या या कष्टकऱ्यांपैकी एखाद्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसू लागते. खोकले की ती फुगते, आडवे झाले की आत जाते. फारशी दुखत नाही, म्हणून पट्टा बांधून माणूस पुन्हा पोत्याखाली खांदा देतो.

हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून चरबी किंवा आतडे बाहेर येते. गर्भात असताना मुलाचे वृषण पोटातून अंडकोशात उतरतात ते जांघेतल्या वाटेने, त्यामुळे पुरुषांत ती जागा मुळातच कच्ची असते. जांघेचा हर्निया आयुष्यात कधी ना कधी सुमारे २७ टक्के पुरुषांना होतो. स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. सगळा दोष ओझ्याला देऊन चालणार नाही. बिडीचा जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला द्यावा लागणारा जोर यांचाही ताण त्याच भिंतीवर येतो. सिझेरियनच्या किंवा पोटाच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या व्रणातूनही हर्निया होऊ शकतो.

पट्ट्याने भोक बुजत नाही, गोळीनेही नाही. आणि एखाद्या दिवशी बाहेर आलेले आतडे तिथेच अडकले, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते सडू लागते. गाठ टणक होणे, आत न जाणे, सतत दुखणे, उलट्या, पोट फुगणे, वारा न सरणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी गाठ चोळून आत ढकलत बसू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

ऑपरेशनमध्ये बाहेर आलेला भाग आत सारून कच्च्या भिंतीवर बारीक जाळी बसवतात. जाळीच्या भोकांतून शरीराचे तंतू वाढतात आणि भिंत पक्की होते. पण कंपनीची जाळी महाग. यावर उपाय शोधला तो धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी. मच्छरदाणीचे कापड त्यांनी तपासले, निर्जंतुक केले आणि हर्नियासाठी वापरले. अनेक रुग्णालयांत मिळून केलेला त्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एका डॉलरहून स्वस्त कापड आणि सुमारे १२५ डॉलरची जाळी यांच्या परिणामांत वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. हे काम सर्जनचे आणि निर्जंतुकीकरणाचे, घरच्या मच्छरदाणीचे नव्हे, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे. खेड्यातला रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या संशोधनाचा महाराष्ट्राला अधिक अभिमान वाटायला हवा.

प्रत्येक गाठ लगेच कापावी लागते असेही नाही. त्रास नसलेल्या पुरुषाला डॉक्टर नजर ठेवून थांबायला सांगू शकतात. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी बहुधा आपोआप बसते. तिच्यावर नाणे बांधू नये. बाळाच्या जांघेतल्या गाठीला मात्र ऑपरेशनच लागते. स्त्रियांत मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा हर्निया अडकण्याचा धोका मोठा, तिथे वाट पाहू नये. यवतमाळ आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा विभागात हे ऑपरेशन होते. पेरणी किंवा सुगी तोंडावर असेल, तर जड ओझे पुन्हा कधी उचलता येईल हे तारीख ठरवतानाच सर्जनला विचारावे.