पाय मुरगळला की घोटा मोडला?

साताऱ्यात घाटरस्ते नि गडाच्या पायऱ्या, सांगलीकडे उसाच्या सऱ्या नि निसरडे बांध. पाय घसरायला निमित्त लागत नाही. घोटा सुजला की सल्ला ठरलेला असतो : ‘मुरगळलाय, चोळून घ्या. चालता येतंय म्हणजे हाड शाबूत आहे.’ हा समज महागात पडू शकतो.

घोटा मोडतो कसा?
घोट्यात तीन हाडे जुळतात. नडगीचे जाड हाड, बाहेरचे बारीक हाड आणि या दोघांच्या खोबणीत बसणारे पावलाचे हाड. बहुतेक वेळा पीळ पडून घोटा मोडतो. पाऊल अडकते, शरीर मात्र वळते. अनेकदा फक्त बाहेरचे हाड मोडते. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलत असल्याने रुग्ण लंगडत का होईना चालतो.

धोका कोणाला?
तरुण पुरुषांत दुचाकीचे अपघात आणि खेळ, तर पन्नाशीनंतरच्या महिलांत घरात-अंगणात घसरणे ही प्रमुख कारणे. अपघातात जोर मोठा असल्याने दोन्ही बाजूंची हाडे मोडू शकतात. मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील, तर हाड मोडूनही वेदना कमी जाणवते. मधुमेह आणि धूम्रपानामुळे हाड जुळायलाही वेळ लागतो.

उशीर का नको?
खोबणीतले हाड अवघा १ मिलिमीटर बाहेर सरकले, तरी सांध्यातील हाडांचा परस्पर संपर्क सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ मधील अभ्यासात दिसले. वाकडा जुळलेला सांधा लवकर झिजतो. हाडे जागेवर असतील तर प्लॅस्टर पुरते. सरकली असतील तर बहुधा प्लेट-स्क्रूची शस्त्रक्रिया लागते.

एक्स-रे कधी काढावा?
कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम डॉक्टर आजही वापरतात. घोटा दुखत असेल आणि पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल, तर एक्स-रे काढावा :
• घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर अथवा मागच्या कडेने वर ६ सेंटिमीटरपर्यंत हाड दाबल्यावर दुखते.
• दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीवेळीही चार पावले टाकता येत नाहीत.

मधुमेहामुळे पाय बधिर असेल, तर या खुणांवर विसंबू नये.

तोवर काय करावे?
पाय चोळू नका, ओढू नका. उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. घोटा वाकडा दिसत असेल, जखम असेल किंवा बोटे गार पडली असतील, तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करा.