मानदुखी : पट्ट्याआधी व्यायाम

मानदुखी हा उतारवयाचा विकार, असा समज आपल्याकडे रूढ होता. आता सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत पुस्तक व मोबाईल घेऊन बसणारी विशीतील मुलेमुलीही हीच तक्रार सांगतात. सोबतच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा ‘मणक्यात गॅप तर नाही ना?’ हाच असतो. इजा झालेली नसल्यास या वयात सहसा तसे काही नसते. स्नायू थकलेले असतात.

मस्तकाचे वजन साधारण ५ किलो. मान ६० अंशांत झुकल्यास तिच्यावर सुमारे २७ किलो भार पडतो, असे अमेरिकेतील शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडले. हा आकडा संगणकीय प्रतिमानातून काढलेला आहे, रुग्णांवर मोजलेला नव्हे. त्याने धास्तावून जाऊ नये. वाकण्यापेक्षा तासन्‌तास एकाच स्थितीत राहणे अधिक बाधते, असे आमचे मत आहे.

यावरील मुख्य उपाय बिनखर्चाचा आहे. ताठ बसून नजर समोर ठेवावी. हनुवटी खाली न झुकविता सरळ मागे घ्यावी, ५ सेकंद थांबावे व सैल सोडावे. असे १० वेळा. नंतर तळहात कपाळावर ठेवून, डोके न हलविता, त्यावर हलका दाब द्यावा. तसाच दोन्ही बाजूंनी व मागूनही द्यावा. शेवटी खांद्यांमागील फरे एकमेकांजवळ आणावेत. मान गरगर फिरविण्याची आवश्यकता नाही. पट्टा मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने बांधल्यास स्नायू आणखी दुबळे होतात. व्यायामाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देणारेच अधिक.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ग्रामस्थांनी २०२२ मध्ये एक निर्णय घेतला : सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दूरदर्शन संच व मोबाईल दीड तास बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा व परस्पर संवादाचा होता, मानेचा विचार कोणी केला नसावा. पण असा विसावा मानेलाही हवाच असतो. घरी भोंगा नसला तरी दर अर्ध्या तासाने उठावे आणि फोन डोळ्यांसमोर उंच धरावा.

हातास मुंग्या येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, दुखण्यासोबत ताप असणे किंवा अपघातानंतर मान दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्वरित तज्ज्ञांकडे यावे.