पुण्याचे कॅथलिक: ऐकीव समज आणि खरी शिकवण

नारायण पेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या नारायणराव पेशव्यांचे चिरंजीव सवाई माधवराव यांच्या कारकिर्दीत पुण्यातल्या पहिल्या कॅथलिक चर्चसाठी जागा मिळाली. साल १७९२. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, डॉम मिगेल द नरोन्यांसारखे अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी ती जागा होती. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च ते हेच. पुण्यावर इंग्रजांचे निशाण लागायला तेव्हा अजून पंचवीस वर्षे अवकाश होता. तरीही ‘हा धर्म इंग्रजांनी आणला’ असे आपण सर्रास म्हणतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६चे. स्टीफन्स जन्माने इंग्रज खरे, पण ते गोव्यात आले ते जेसुइट संन्यासी म्हणून. त्यांच्या मायदेशात तेव्हा कॅथलिकांचाच छळ चालू होता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लोकांवर जुलूम केले, हेही तितकेच खरे, आणि ते झाकण्याचे कारण नाही.

पेठांमधला घोटाळा खरे तर दुसरीकडे आहे. ‘ख्रिस्ती’ म्हटले की आपल्याला रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी आठवतात. ही सगळी मंडळी प्रोटेस्टंट परंपरेतली. १८९०चे पंचहौद मिशनमधले चहाचे प्रकरणही तसेच. ज्यांचा केसरीवाडा नारायण पेठेत आहे, त्या लोकमान्य टिळकांना तिथल्या चहापायी प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. पण ते मिशन अँग्लिकन होते, पोपशी त्याचा संबंध नव्हता. येशू हा देवाचा पुत्र, तो क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, देव एकच पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्यस्वरूप, ही श्रद्धा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचीही सारखीच. मात्र कॅथलिकांचे बायबल ७३ पुस्तकांचे आहे आणि प्रोटेस्टंटांचे ६६. कॅथलिक सात संस्कार मानतात, आणि धर्मग्रंथाबरोबर प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेलाही प्रमाण मानतात. हा फरक लक्षात घेतला नाही, तर पुढचे काहीच उलगडत नाही.

सर्वांत पक्का गैरसमज येशूच्या आईबद्दलचा, म्हणजे मारियेबद्दलचा. हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला लोटणारी गर्दी पाहिली की वाटते, ही देवीचीच पूजा. कॅथलिक शिकवण याबाबत फार काटेकोर आहे. आराधना फक्त देवाची. मारियेला आणि संतांना मिळतो तो आदर. त्यांच्याकडे मागायचे ते ‘आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा’ एवढेच. मारियेला इतर संतांहून वरचा मान आहे, तरीही ती मनुष्यच. मूर्तींबाबत इ. स. ७८७च्या निकेआच्या दुसऱ्या परिषदेने निर्णय दिला: मूर्तीला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. हा विचार मराठी माणसाला परका वाटू नये. गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात ही रेषा स्पष्ट असेल असे नाही, पण चर्चच्या शिकवणीत ती स्पष्ट आहे.

इथेच सिटी चर्चचे नाव आठवावे. ते निष्कलंक गर्भसंभव मातेला अर्पण केलेले आहे. बहुतेकांना, कित्येक ख्रिस्ती लोकांनाही, वाटते की हा उल्लेख पुरुषाशिवाय झालेल्या येशूच्या जन्माचा आहे. तसे नाही. मारिया स्वतः आपल्या आईच्या उदरात आली, त्या क्षणापासूनच देवाच्या कृपेने ती जन्मपापापासून मुक्त होती, असा या सिद्धांताचा अर्थ. तो अधिकृतपणे जाहीर केला पोप नववे पायस यांनी, १८५४ साली. म्हणजे पुण्याच्या चर्चची स्थापना त्याआधी बासष्ट वर्षांची; भक्ती जुनी, व्याख्या नंतरची. मारियेचा स्वतःचा जन्म मात्र आईवडिलांच्या संसारातून, चारचौघांसारखाच झाला, असे मानले जाते.

पोप चुकूच शकत नाही, असे कॅथलिक मानतात का? नाही. १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले ते इतकेच: श्रद्धा आणि नीती यांविषयी सर्व चर्चला बंधनकारक असा निर्णय पोप आपल्या सर्वोच्च पदावरून विधिपूर्वक जाहीर करतात, तेव्हा तो निर्णय चुकीपासून सुरक्षित असतो. परिषदेनंतर हा अधिकार एकदाच वापरला गेला, १९५० साली; मारियेला सदेह स्वर्गात घेतले गेले, हा तो सिद्धांत. तिचा सण १५ ऑगस्टला असतो. राजकारण, हवामान, अर्थकारण यांवरचे पोपचे मत चुकू शकते. पोपही पाप करतात आणि तेही पापनिवेदनाला जातात.

पापनिवेदनाबद्दल ‘फादरांना सांगितले की सुटले’ हा समज अन्यायाचा आहे. खरा पश्चात्ताप, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय, आणि झालेले नुकसान भरून देणे, यांशिवाय क्षमेला अर्थ नाही. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. फी नसते. ऐकलेले धर्मगुरूने फोडले, तर तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो.

आणि इतर धर्मीय? ते सगळे नरकात जातात, असे आजची कॅथलिक शिकवण म्हणत नाही. येशू हाच तारणारा, ही श्रद्धा तिने सोडलेली नाही. पण स्वतःचा दोष नसताना येशूला न ओळखणारा, सद्‌सद्विवेकाने देवाचा शोध घेणारा माणूसही तारला जाऊ शकतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोंदवले. १९६५ साली याच परिषदेने हिंदू आणि बौद्ध परंपरांमधल्या सत्याचा आदराने उल्लेख केला, आणि धर्माच्या बाबतीत सक्ती नको असे निःसंदिग्ध सांगितले. जर्मन जेसुइट फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी नारायण पेठेला लागूनच, शनिवार पेठेत, स्नेहसदन हे धर्मसंवादाचे केंद्र उभे केले ते याच वाटेने जात.

ऐकीव गोष्टींवर मत बनवण्याऐवजी एकदा मराठी मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, जाऊन बसा. अख्रिस्ती माणसाला तिथे मज्जाव नसतो. फक्त कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभे राहू नका; त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो असे कॅथलिक मानतात, आणि ती घेणे म्हणजे ती श्रद्धा स्वीकारणे. बाकी शंका असतील तर मिस्सेनंतर फादरांना थेट विचारा.