बांधकामाचा आराखडा आणि गावाचा शब्द

बांधकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंट, लोखंड आणि ठेकेदार उभा राहतो. पाणी उभे राहत नाही. वस्तुतः गोंदिया जिल्ह्यात रस्ता करावयाचा असो, कारखाना उभारावयाचा असो की वसाहत वसवावयाची असो, पहिला व्यवहार पाण्याशीच करावा लागतो. हा तलावांचा मुलूख आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने येथे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगावबांध हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. मालगुजारी गेली आणि 1951 च्या सुमारास हे तलाव सरकारजमा झाले. मालकी बदलली, पाण्याची वाट मात्र बदलली नाही. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी बांध्यांतून उतरत खालच्या बोडीत जाते, बोडी भरली की आणखी खाली. ही सारी एक साखळी आहे. महसुली नकाशात तलाव दिसतो, बोडीही दिसते. पण एकीकडून दुसरीकडे जाणारे पाणी त्यात कोठेच दिसत नाही. ते ठाऊक असते शेतकऱ्याला, ढिवराला, आणि भाद्रपदातल्या रात्री कंदील घेऊन पाळ पाहून येणाऱ्या म्हाताऱ्याला.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ती कोणत्याही गावची असू शकते. शिवारातून एका रस्त्याचा भराव पडला. अभियंत्याने पाहणी केली ती मे महिन्यात. जेथे जमीन खोलगट दिसली तेथे त्याने मोरी दिली. यात त्याचे चुकले असे म्हणवत नाही. मे महिन्यात दुसरे काही दिसतच नाही. श्रावणात पाणी आले ते तीन बांध्या सोडून पलीकडे. भरावाच्या वरच्या अंगाची रोवणी कुजली आणि खालच्या अंगाची बोडी कोरडी राहिली. पुढे झालेला रस्ता फोडून दुसरी मोरी घालावी लागली. ज्या शेतकऱ्याचे नुकसान झाले त्याला आम्ही विचारले, “तुम्ही आधी का सांगितले नाही?” तो म्हणाला, “कोणी विचारलंच नाही जी.”

हल्ली ज्याला लोकसल्लामसलत म्हणतात तिचा अर्थ या उत्तरात आहे. लोकांना विचारणे हा उपचार आहे, सौजन्य आहे, फार तर लोकशाहीचा एक संस्कार आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आमचे म्हणणे निराळे आहे. गावाला विचारणे हा पाहणीचाच भाग आहे. मातीची परीक्षा केल्याशिवाय जसा पाया घालीत नाहीत, तसा गावाला विचारल्याशिवाय आराखडा आखू नये. माती तपासणे जर आधी, तर गावाला विचारणेही आधीच. आराखडा पक्का झाल्यावर विचारले तर लोकांपाशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शब्द उरतात, आणि मग सभेत जे व्हावयाचे ते होते.

कायद्याने याची काही व्यवस्था केली आहे. पर्यावरणीय आघाताच्या मूल्यमापनाची पहिली केंद्रीय अधिसूचना 1994 ची. तिच्यात जनसुनावणी आली 1997 साली. आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने सगळी पद्धत नव्याने बांधली. तीनुसार सुनावणीपूर्वी किमान 30 दिवसांची सूचना वर्तमानपत्रांतून द्यावी लागते. अहवालाचा मसुदा व त्याचा सारांश जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र व स्थानिक संस्था यांच्या कार्यालयांत लोकांना पाहण्यास ठेवावा लागतो. सारांश स्थानिक भाषेतही हवा. सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्याने किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचे. सगळ्याचे चित्रीकरण व्हावयाचे, आणि शेवटी झालेले कामकाज जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावयाचे. जेथे वर्तमानपत्र पोचत नाही तेथे दवंडी पिटावी, असेही पुढे नियमात आले. दिल्लीच्या कागदात दवंडी आलेली पाहून आम्हांला गंमत वाटली. पण ती योग्यच आहे.

मात्र एक गोष्ट नियमात नाही: दिवस कोणता निवडावा. जुलै-ऑगस्टात पऱ्हे उपटून रोवणी चाललेली असताना सुनावणी ठेवली, तर मंडपात येणार कोण? रोवणीला बाया मिळण्याची मारामार असते. ज्यांची जमीन पाण्याखाली जावयाची ती माणसे त्या दिवशी चिखलात उभी असतात. कायदा पाळला गेला, आणि तरी कोणी बोलले नाही, असे होऊ शकते.

शहरातल्या श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या इमारतींना या अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागते, परंतु जनसुनावणीतून बांधकाम प्रकल्प व वसाहती वगळलेल्या आहेत. नवी जमीन न घेता रुंद होणारे रस्तेही वगळलेले आहेत. म्हणजे तुमच्या मोहल्ल्यात उभ्या राहणाऱ्या मोठ्या इमारतीची धूळ कोण खाणार, तिचा मलबा कोठल्या नाल्यात पडणार, तिची विंधनविहीर शेजारच्या किती विहिरी आटवणार, हे विचारण्यासाठी कोणी मंडप घालणार नाही. ते नगरपरिषदेच्या दारीच विचारावे लागते. बांधकामाच्या मलब्यासाठी 2016 साली स्वतंत्र नियम झाले, परंतु नियमाने मलबा आपोआप उचलला जात नाही हे कोणत्याही रिकाम्या भूखंडाकडे पाहिले की कळते.

विचारणे उशिरा झाले, किंवा भलत्या ठिकाणी झाले, तर काय होते याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तिरोड्याला 660 मेगावॉटचे 5 संच असलेले, एकूण 3,300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. 2012 ते 2014 या काळात ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्याला पाणी वैनगंगेचे. आणि कोळसा? तो प्रथम चंद्रपूरजवळच्या लोहारा येथील खाणपट्ट्यातून यावयाचा होता. तो पट्टा ताडोब्याच्या जंगलाला लागून. तेथे लोकांनी विरोध केला, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2009-10 च्या सुमारास तेथे खाणीला वाट दिली नाही. तोवर वीजविक्रीचे करार होऊन गेले होते. मग कोळसा दुसरीकडून आला, त्याचा दर वेगळा पडला, आणि तो कोणी सोसावयाचा याचे वाद आयोगापुढे व न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. आमचा मुद्दा कंपनीचा किंवा सरकारचा नाही. केंद्र एका जिल्ह्यात, खाण दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दोहोंचा विचार वेगवेगळ्या टेबलांवर. वाघाचा प्रश्न मात्र कराराच्या आधीही तेथेच उभा होता.

उलट उदाहरणही आहे. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करताना पुष्कळ वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, काम रखडले. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला 9 ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या. त्यांतल्या काही 750 मीटर लांबीच्या आहेत. पुढे लावलेल्या कॅमेऱ्यांत त्या वाटांनी जाणारे वाघही टिपले गेले. आपल्याकडे जुना 6 क्रमांकाचा, आताचा 53 क्रमांकाचा महामार्ग साकोली-देवरीच्या बाजूस नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून जातो. 2013 साली ही दोन्ही जंगले मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. पण वाघाला एका भागातून दुसऱ्या भागात जावयाचे तर रस्ता ओलांडावाच लागतो. रस्त्याखालची वाट आधी आखली तर ती खर्चाच्या एका रकान्यात बसते. नंतर आठवली तर खटल्यात बसते.

आता आराखडा चांगला की वाईट हे ओळखावे कसे? पर्यावरण व्यवस्थापनाच्या बहुतेक आराखड्यांत “योग्य ती उपाययोजना करण्यात येईल” असे वाक्य असते. ते दिसले की तेथे बोट ठेवावे. योग्य म्हणजे कोणती? धूळ बसविण्यास दिवसातून किती वेळा पाणी मारणार, आणि ते पाणी बोडीचे की टँकरचे? काम कोण करणार, त्याचे पैसे कोठे धरले आहेत, आणि झाले की नाही हे कोण पाहणार? ज्या आश्वासनामागे माणूस, तारीख आणि रक्कम नाही ते आश्वासन छापण्यापुरतेच.

भरावाच्या मुरमाचेच पाहा. मुरूम कोठून येणार, हा प्रश्न आराखड्यात पुष्कळदा नसतोच. तो येतो माळावरून किंवा तलावाच्या पोटातून. तलावातला गाळ काढणे चांगले. पण पाळीच्या पायथ्याशी खणले तर पाळच खचते. 2020 साली केंद्र सरकारने रस्ते व रेल्वे यांसारख्या कामांसाठी साधी माती काढण्यास पूर्वमंजुरीतून सूट दिली होती. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खड्डा कोठे पडणार हे विचारण्याला त्या निकालाने आधार दिला.

मंजुरी मिळाली की लोक घरी जातात. खरे काम तेथून पुढे असते. मंजुरीबरोबर घातलेल्या अटी पाळल्या की नाहीत याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, 1 जूनला व 1 डिसेंबरला, द्यावयाचा असतो, आणि तो लोकांना पाहता येतो. 1 जूनचा अहवाल पाऊस पडण्याआधीचा असतो, 1 डिसेंबरचा धान कापून झाल्यावरचा. ज्यांना मोरी कोठे हवी होती हे ठाऊक आहे त्यांना त्या वेळी थोडी सवडही असते.