मृत दुवा

मृत दुवा किंवा तुटलेला दुवा म्हणजे संकेतस्थळावरील असा दुवा, जो उघडला असता अपेक्षित पान मिळत नाही. पान वगळले जाणे, त्याचा पत्ता बदलणे किंवा डोमेन नावाचे नूतनीकरण न होणे ही त्याची नेहमीची कारणे होत. याहू कंपनीने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा असंख्य वैयक्तिक संकेतस्थळांकडे जाणारे दुवे एकाच वेळी निकामी झाले.

देवनागरी पत्ते

मराठी ब्लॉगांवर शुद्धलेखनामुळेही दुवे तुटतात. या शहराचे नाव मराठीत ‘नागपूर’ असे दीर्घ, तर हिंदीत ‘नागपुर’ असे ऱ्हस्व लिहितात. नागपुरात दोन्ही भाषांचा वावर असल्याने ही अदलाबदल सहज घडते; संगणकाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे पत्ते आहेत. शिवाय पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्केचिन्हयुक्त नऊ अक्षरांत रूपांतर होते. ‘नागपूर’ या सहा चिन्हांच्या शब्दाची अशी ५४ अक्षरे होतात आणि नक्कल करताना त्यांतील शेवटची काही गळाली, तरी दुवा मृत होतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसत असल्याने ही चूक नजरेने सापडत नाही.

शोध

पान नसल्यास सर्व्हर ४०४ हा संकेतांक देतो. पान कायमचे काढल्याचे कळवायचे असल्यास ४१०. दुवे तपासणारी साधने प्रत्येक दुव्याचा संकेतांक पाहून यादी तयार करतात. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने घेऊन तेथे जाहिराती लावल्या असतील, तर मात्र संकेतांक २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असाच येतो. असे दुवे स्वतः उघडूनच पाहावे लागतात. वाचक आपल्याच संकेतस्थळावरील कोणते हरवलेले पान मागत आहेत, हे सर्व्हरच्या नोंदींवरून समजते.

दुरुस्ती

स्वतःच्या पानाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून ३०१ हे कायमचे पुनर्निर्देशन देतात. सर्व मृत पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण त्यामुळे वाचकाला हवे ते मिळत नाही आणि दोषही झाकला जातो. बाहेरील पान स्थलांतरित झाले असल्यास नवा पत्ता, अन्यथा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरील संग्रहित प्रत जोडतात. प्रत मूळ लेखनाच्या काळाजवळची निवडणे इष्ट असते, कारण नंतरच्या प्रतीत मजकूर बदललेला असू शकतो. काहीच न सापडल्यास दुवा काढून लेखाचे शीर्षक, लेखक व दिनांक तेवढे ठेवतात. त्यावरून छापील अंक तरी शोधता येतो.