प्रसूतीतील तीन विलंब

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे मराठी घरांतून पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात मातेविषयी आदर आहे. पण प्रसूतीत यायचा मृत्यू टळत नाही, अशी एक मुकी शरणागतीही आहे. आकडे मात्र निराळेच सांगतात. १९९७-९८ साली भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० या काळात हे प्रमाण ९७ वर आले. दैव इतक्या अल्पावधीत पालटत नाही. पालटली ती माणसांनी केलेली व्यवस्था. त्याच २०१८-२० या काळात हे प्रमाण महाराष्ट्रात ३३, तेलंगणात ४३, गुजरातेत ५७, कर्नाटकात ६९, तर मध्य प्रदेशात १७३ होते. सातपुड्याच्या अलीकडे व पलीकडे स्त्रीचे शरीर काही निराळे नसते. निराळी असते ती वेळेवर मिळणारी मदत.

वेळेला एवढे महत्त्व का, हे मृत्यूची कारणे पाहिली म्हणजे ध्यानात येते. सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. मूल जन्मून वार पडली की गर्भाशय घट्ट आवळते आणि वार जेथून सुटली तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे त्या आवळण्यानेच मिटतात. गर्भाशय सैल राहिले तर ती उघडीच राहतात, आणि धडधाकट स्त्रीदेखील अवघ्या दोन तासांत प्राणास मुकू शकते. मूल जन्मताच दिलेले ऑक्सिटोसिनचे एक इंजेक्शन हा धोका पुष्कळच कमी करते. दुसरे मोठे कारण म्हणजे पाचव्या महिन्यानंतर वाढणारा रक्तदाब. तो १४०/९० च्या वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की झटके येण्याची भीती असते. मॅग्नेशियम सल्फेट हे जुने व स्वस्त औषध ही भीती जवळजवळ निम्म्यावर आणते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. उपाय आहेत, आणि ते फारसे महागही नाहीत. प्रश्न आहे तो माता आणि उपाय यांच्यामधील अंतराचा.

या अंतराचे तीन टप्पे सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी १९९४ साली स्पष्ट करून दाखविले. पहिला विलंब घरातला : दवाखान्यात न्यावे की नाही, हे ठरविण्याचा. दुसरा वाटेवरचा : वाहन मिळून तेथे पोचण्याचा. तिसरा दवाखान्यातला : पोचल्यावर डॉक्टर, औषध आणि रक्त मिळण्याचा. यांपैकी दुसरा व तिसरा विलंब दूर करणे मुख्यतः शासनाचे काम होय. पहिला मात्र सर्वस्वी कुटुंबाच्या हाती आहे. सून संकोचाने बोलत नाही, सासू मुलाची वाट पाहते, मुलगा पैशांची जुळवाजुळव करतो. आणि तेवढ्यात मोलाची घटका निघून जाते. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर कोणाच्या संमतीसाठी थांबू नये.

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी यावे, ही मराठी घरांतील जुनी रीत. तिच्यात ममता आहे, विसाव्याची सोय आहे. परंतु सासर इंदूरला किंवा बेळगावला आणि माहेर महाराष्ट्रात असले, की सात महिन्यांच्या तपासण्यांची नोंद एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात, असा प्रकार होतो. नवख्या डॉक्टरांना तिचा रक्तगट, रक्तदाब, आधीचा आजार यांतले काहीच ठाऊक नसते. म्हणून लेक माहेरी निघते तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या आधी तपासणीचे कार्ड व सर्व कागद ठेवावेत. आणि माहेरी पोचताच तेथील दवाखान्यात नाव नोंदवावे.

रक्तस्राव सोसण्याची शक्ती मुळात अंगातील रक्तावर अवलंबून असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरांतील ५२ गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. यासाठी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी, असे शासनाचे सांगणे आहे. ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. गोळीने मूल फार मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, असा समज कित्येक घरांत असतो. तो निराधार आहे. शौचाचा रंग काळा होतो, त्यातही भिण्याजोगे काही नाही.

२०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन यांसाठी पैसे पडत नाहीत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची खास विनामूल्य तपासणीही होते. या सोयींचा लाभ ज्यांना त्या ठाऊक असतात त्यांनाच होतो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी त्या दिवशी एकत्र येतात. हिरवी साडी, फुलांची वाडी आणि पेढा की बर्फी हे सारे हौसेने व्हावेच. पण त्याच बैठकीत चार गोष्टी ठरवून टाकाव्यात. शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, रात्री-अपरात्री १०८ चे वाहन न आले तर कोणाची गाडी मिळेल, रक्त कोण देईल, आणि घरचा कर्ता पुरुष जवळ नसेल तर निर्णय कोणी घ्यावा. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची; आणि त्या निर्णयाचा पहिला अधिकार, कळा सोसणाऱ्या स्त्रीचा आहे.