मेंढीला जुळी होणं आणि आपली बोटं घडणं, दोन्हीमागे एकच रिसेप्टर!

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर-पारनेरच्या माळावर चरणारी मेंढरं बहुतेक दख्खनी जातीची. त्यातल्या एका प्रकाराचं नावच ‘संगमनेरी’. जनावर काटक, पण एका वेताला सहसा एकच कोकरू. धनगराच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः कोकरं विकून. म्हणजे एकाच्या जागी दोन झाली तर हिशोबच बदलतो.

सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं (‘नारी’) हे करून दाखवलं. सुंदरबनातल्या छोट्याशा गॅरोल मेंढीत ‘फेक-बी’ नावाचा जनुकीय बदल असतो. तो संकरातून दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली.

पण जुळी होतात कशी?

2001 मध्ये उलगडा झाला. हा बदल बीएमपीआर-वन-बी नावाच्या रिसेप्टरमध्ये आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल समजा. वाढीचा निरोप घेऊन आलेलं प्रथिन ती दाबतं आणि आत हुकूम जातो: वाढ, थांब, किंवा मर. (हो, मरसुद्धा.) फेक-बीमध्ये डीएनएचं फक्त एक अक्षर बदललंय. तेवढ्यानं बीजकोशातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एकाऐवजी जास्त बीजं सुटतात.

हाच रिसेप्टर गर्भात बोटं घडवतो. सुरुवातीला गर्भाचा हात वल्ह्यासारखा चपटा असतो. या कुटुंबातल्या रिसेप्टरांचा निरोप मिळाला की बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. 1996 मध्ये शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भात हा निरोप अडवला, तर पायाला चक्क बदकासारखा पडदा राहिला! माणसात बीएमपीआर-वन-बी बिघडला तर तर्जनीचं मधलं हाड आखूड राहू शकतं.

मग जुळी देणाऱ्या मेंढीचे पाय धड कसे? कारण तिची बेल बंद पडलेली नाही, आवाज जरा बदललाय. उंदराच्या मादीत हा रिसेप्टर पूर्ण काढला, तर बोटांची हाडं बिघडतातच, शिवाय तिला पिल्लंही होत नाहीत.

मेंढ्यात फेक-बी आहे का, हे रक्ताच्या डीएनए तपासणीत कळतं. अडचण पुढची आहे. दोन कोकरांना पुरेल इतकं दूध आईला हवं, त्यासाठी चारा हवा, आणि दुष्काळी वर्षात पारनेरच्या माळावर नेमका तोच नसतो.